गाडीची सुरक्षितता स्वतः कशी तपासावी: तारांकन, रिकॉल आणि ‘सेल्फ-ड्रायव्हिंग’चे दावे

‘ही गाडी सेफ आहे का?’ असे विचारले की दहा जण दहा उत्तरे देतात, आणि गंमत म्हणजे त्यांतले बहुतेक जण आपापल्या जागी बरोबर असतात. एकाच्या मनात सरकारी मान्यता असते, दुसऱ्याच्या मनात क्रॅश टेस्टचे तारे, तिसऱ्याच्या मनात एअरबॅगची संख्या, तर चौथ्याच्या मनात आपोआप वळणारे स्टिअरिंग. मी पहिली गाडी घेतली तेव्हा या चारही गोष्टी एकच आहेत अशा समजुतीत होतो. शोरूममध्ये ‘फाइव्ह स्टार’ हा शब्द ऐकला आणि पुढे काही विचारलेच नाही. वर्षभराने चाचणीचा मूळ अहवाल वाचायला घेतला तेव्हा कळले की ते तारे त्याच नावाच्या, पण दुसऱ्या बाजारात विकल्या जाणाऱ्या आणि दोन एअरबॅग जास्त असलेल्या गाडीला मिळाले होते. सेल्समन खोटे बोलला नव्हता. मी प्रश्न अर्धवट विचारला होता.

पूर्ण प्रश्न कसे विचारायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे. नवी गाडी घेणाऱ्यांनी पायरी १ पासून सुरुवात करावी. जुनी गाडी घेणाऱ्यांनी पायरी ३ आधी करावी, कारण तिथेच व्यवहार मोडण्याजोगे कारण सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

हाताशी काय ठेवावे

- गाडीचा चेसिस क्रमांक, म्हणजे १७ अक्षरे व अंकांचा व्हीआयएन. तो नोंदणीच्या कागदावर असतो आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. अनेक गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरही दिसतो.
- मॉडेलचे पूर्ण नाव, नेमका व्हेरिएंट आणि उत्पादनाचा महिना व वर्ष. ‘टॉप मॉडेल आहे’ हे उत्तर मानू नका.
- त्याच व्हेरिएंटचे आणि त्याच वर्षाचे ओनर्स मॅन्युअल. बहुतेक कंपन्या ते आपल्या संकेतस्थळावर ठेवतात.
- जुनी गाडी असल्यास सर्व्हिसच्या नोंदी आणि विम्याच्या दाव्यांचा तपशील.
- मोजपट्टी, टॉर्च आणि घरात लहान मूल असल्यास तुमचीच चाइल्ड सीट.

१. मान्यता म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

कायद्याने ठरवलेली किमान अट प्रत्येक गाडीला पार करावी लागते. ती पार केली हे सिद्ध कोणी करायचे, याच्या मात्र जगात मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिली टाइप अप्रूव्हलची. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या छत्राखाली १९५८ साली झालेल्या करारावर तिची आंतरराष्ट्रीय उभारणी झाली आहे. कंपनी नवी गाडी किंवा तिचा एखादा भाग विक्रीपूर्वी मान्यता देणाऱ्या यंत्रणेकडे नेते, तिथे चाचणी होते, आणि एका सदस्य देशाने दिलेली मान्यता तोच नियम लागू करणारे इतर सदस्य देश स्वीकारतात. दुसरी पद्धत अमेरिका आणि कॅनडाची. अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यापासून नियम सरकार करते, पण आपली गाडी त्या नियमांत बसते असे प्रमाणपत्र कंपनी स्वतःच देते. नंतर राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजे एनएचटीएसए, बाजारातून गाड्या घेऊन त्या तपासते आणि दोष आढळला तर कंपनीला रिकॉल करायला, म्हणजे त्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला, लावते. पहिल्या पद्धतीत तपासणी दारातच होते, दुसरीत माणूस घरात शिरल्यावर झडती घेतली जाते. दुसऱ्या पद्धतीत नवे तंत्रज्ञान लवकर रस्त्यावर येते हे खरे, पण नियम होण्याआधीच ते वापरणाऱ्याच्या गळ्यात पडते, ही बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते.

याची खूण तुम्हाला डोळ्यांनीही पाहता येते. हेडलाइटच्या काचेवर, खिडकीच्या काचेच्या कोपऱ्यात किंवा चाइल्ड सीटच्या नारिंगी लेबलवर एका वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि शेजारी एक आकडा असतो. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो: १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ११ म्हणजे ब्रिटन. इथे नवखे हमखास फसतात. ‘ई १’ दिसले की वस्तू जर्मनीत बनली असे विक्रेते सांगतात आणि आपण ऐकतो. प्रत्यक्षात ती कुठे बनली याच्याशी त्या आकड्याचा काहीही संबंध नाही.

आता मान्यतेची मर्यादा पाहा. समोरून होणाऱ्या धडकेच्या संयुक्त राष्ट्रांच्या ९४ क्रमांकाच्या नियमात गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने, रुंदीच्या ४० टक्के भागावर, चेपल्या जाणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. युरो एनकॅप या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने १९९७ साली आपले पहिले निकाल जाहीर केले तेव्हा तीच मांडणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने वापरली. आठ किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, परंतु धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे गाडीच्या सांगाड्याला सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. म्हणून ‘सगळ्या सरकारी चाचण्या पास आहे’ या वाक्याचा अर्थ ‘विकायला परवानगी आहे’ एवढाच घ्यावा.

२. तारे मोजू नका, तारे वाचा

तारांकन देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत: अमेरिकेचा सरकारी कार्यक्रम १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, युरो एनकॅप १९९७ पासून निकाल देते, आणि ऑस्ट्रेलिया, जपान, चीन, लॅटिन अमेरिका, आग्नेय आशिया व अलीकडे भारत यांचे स्वतंत्र कार्यक्रम आहेत. सर्वांची चिन्हे ताऱ्यांचीच असली तरी परीक्षा एकच नाही. एका कार्यक्रमाचे पाच तारे दुसऱ्याच्या चार ताऱ्यांपेक्षा वरचढ आहेत, असे त्यामुळे कधीच म्हणता येत नाही.

निकालाचे मूळ पान उघडून पुढील गोष्टी पाहा.

आधी वर्ष. परीक्षा दर काही वर्षांनी कठीण होत जाते, म्हणूनच युरो एनकॅप सहा वर्षांहून जुने निकाल कालबाह्य समजते. रेनो झोई या विजेवरच्या गाडीला २०१३ साली पाच तारे मिळाले होते. २०२१ साली तीच गाडी, थोड्या बदलांसह, पुन्हा तपासली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नाही. परीक्षा कठीण झाली होती हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोलके आहे: मधल्या काळात डोके आणि छाती दोन्ही वाचवणाऱ्या बाजूच्या एअरबॅगच्या जागी फक्त छाती वाचवणारी एअरबॅग बसवली गेली होती. नाव तेच, चेहरामोहरा जवळपास तोच, आणि आतले संरक्षण कमी. सन २०१३ चे तारे पाहून २०२१ ची गाडी घेणाऱ्याला हे कसे कळावे?

नंतर व्हेरिएंट. निकालाच्या पानावर चाचणी केलेल्या गाडीतील सुरक्षा उपकरणांची यादी असते. ती आणि तुम्हाला मिळणाऱ्या गाडीची यादी शेजारी ठेवून एकेक ओळ तपासा. ‘ऐच्छिक’ असे लिहिलेले उपकरण तुमच्या गाडीत नसेल तर ते तारे तुमच्या गाडीचे नाहीत.

नंतर विभागवार गुण. युरो एनकॅपने २००९ पासून एकत्रित तारांकन सुरू केले, आणि त्या पद्धतीच्या निकालांत प्रौढ प्रवासी, मुले, पादचारी व सायकलस्वार आणि सहाय्यक प्रणाली असे चार विभाग स्वतंत्रपणे दिसतात. मागच्या सीटवर मुले बसणार असतील तर माझ्या दृष्टीने मुलांच्या विभागाची टक्केवारी एकूण ताऱ्यांपेक्षा महत्त्वाची आहे. अहवालात ‘प्रवासी कक्ष अस्थिर’ असा शेरा असेल तर तो कितीही गुणांपेक्षा जड समजा, कारण एअरबॅग आणि सीटबेल्ट हे दोन्ही सांगाडा जागेवर राहिला तरच आपले काम करू शकतात.

शेवटी वजन. स्थिर अडथळ्यावरच्या धडकेत गाडी स्वतःच्याच वजनाशी झुंजते, त्यामुळे हलक्या गाडीचे पाच तारे आणि अवजड गाडीचे पाच तारे समोरासमोर आदळल्यावर सारखे राहत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी युरो एनकॅपने २०२० पासून जुनी चाचणी बदलली. आता गाडी आणि १४०० किलोची ट्रॉली दोन्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने एकमेकांवर येतात, आणि समोरच्याला जास्त इजा करणाऱ्या गाडीचे गुण कापले जातात.

कंपन्या परीक्षेपुरता अभ्यास करतात, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने २०१२ साली गाडीच्या रुंदीच्या फक्त २५ टक्के भागावर, ड्रायव्हरच्या बाजूने आदळण्याची चाचणी आणली. लवकरच अनेक गाड्या त्यात चांगले गुण मिळवू लागल्या. मग २०१६ साली संस्थेने अशाच उत्तम गुण मिळवलेल्या सात लहान एसयूव्ही शेजारच्या प्रवाशाच्या बाजूने आदळवून पाहिल्या, तेव्हा सातांपैकी एकीचीच कामगिरी ‘उत्तम’ म्हणण्याजोगी निघाली. काही गाड्यांत मजबुतीकरण ड्रायव्हरच्याच बाजूला झाले होते. पुढच्याच वर्षी प्रवाशाच्या बाजूचे गुणांकन सुरू झाले. जी बाजू तपासली जात नाही तिच्याविषयी तारे काहीही सांगत नाहीत.

३. चेसिस क्रमांक टाकून रिकॉल शोधा

रिकॉल म्हणजे सुरक्षेशी संबंधित दोष आढळल्यामुळे कंपनीने गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणे. अनेक देशांच्या नियामक संस्थांच्या आणि बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर चेसिस क्रमांक टाकला की प्रलंबित रिकॉल दिसतात. क्रमांक टाकताना एक साधी खूण उपयोगी पडते: व्हीआयएनमध्ये इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. म्हणजे गोल दिसणारे चिन्ह शून्यच असते. ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर आले तर आधी क्रमांक पुन्हा वाचा.

हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि तरी ते फारसे कोणी करत नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण त्यासाठी लक्षात ठेवावे. एअरबॅग फुगवणाऱ्या डबीतील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत जाई, धडकेच्या वेळी प्रमाणाबाहेर जोराने पेटे, आणि डबी फुटून धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसत. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग रिकॉल झाल्या. अशी गाडी बाहेरून कितीही चकचकीत असली, इंजिन कितीही गोड चालत असले, तरी दोष दिसत नाही. ती गाडी जितकी जुनी आणि जितक्या दमट हवेत राहिलेली, तितका धोका जास्त.

माझ्या एका नातलगासाठी जुनी गाडी पाहताना मला नेमका असाच, शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा, प्रलंबित रिकॉल सापडला. आधीच्या मालकाने पत्ता बदलला होता आणि कंपनीची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली होती. विकणारा म्हणाला, ‘नंतर करून घ्या, फुकटच आहे.’ काम फुकट असते हे खरे, पण सुटे भाग यायला वेळ लागू शकतो आणि तोवर गाडी तुम्हीच चालवत असता. दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घ्या, दुरुस्तीचा कागद ताब्यात घ्या आणि मगच पैसे द्या. गाडी नावावर झाल्यावर कंपनीकडे स्वतःचा पत्ता व फोन नोंदवायला विसरू नका.

दोष क्षुल्लक वाटतो म्हणून रिकॉल टाळणे हा आणखी एक सापळा. जनरल मोटर्सने २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या इग्निशन स्विचसाठी परत बोलावल्या. जड किल्ल्यांच्या जुडग्याने किंवा धक्क्याने चावी मागे सरके, इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. कंपनीच्याच भरपाई निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. ‘चावी जरा सैल आहे’ असे वाटणाऱ्या दोषाची ही किंमत होती.

रिकॉलसाठी गाडी गॅरेजमध्ये न्यावीच लागते असेही आता राहिलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेतील २० लाखांहून अधिक गाड्यांच्या ऑटोपायलट या सहाय्यक प्रणालीत ड्रायव्हरच्या लक्षावरची देखरेख कडक करण्यासाठी रिकॉल केला, आणि तो सॉफ्टवेअर अपडेटच्या रूपाने पोहोचला. कायद्याच्या दृष्टीने तो रिकॉलच असतो. म्हणून स्क्रीनवरचे ‘नंतर आठवण करून द्या’ हे बटण सवयीने दाबू नका.

४. गाडीत बसा आणि मोजा

हे काम सेल्समनच्या गडबडीत करू नका. ड्रायव्हरची सीट तुम्हाला सोयीची होईल अशी लावा आणि स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंतचे अंतर मोजा. ते निदान २५ सेंटिमीटर हवे, कारण एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि फुगत असतानाच तिच्याजवळ असलेल्याला ती इजा करते. उंची कमी असलेल्यांना हे अंतर राखून पॅडलपर्यंत पाय पोहोचवता येतो का, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला यावा आणि डोके त्याच्या जवळ असावे. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्यालाही तीन टोकांचा सीटबेल्ट आणि हेडरेस्ट आहे का, ते पाहा.

चाइल्ड सीट प्रत्यक्ष बसवून बघा. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या, कड्या गादीत इतक्या खोल दडलेल्या असतात की कागदावर असूनही हाताला लागत नाहीत, तिथे टॉर्च लागतो. मागे तोंड करून बसवायची सीट पुढच्या जागेवर ठेवायची वेळ आली तर त्या जागेची समोरची एअरबॅग बंद करता येते का, हे मॅन्युअलमध्ये वाचा. चालू एअरबॅगसमोर अशी सीट ठेवणे जिवावर बेतू शकते.

टायरच्या बाजूवर इंग्रजी ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. ‘नवीन टायर टाकलेत’ हे वाक्य इथे तपासता येते.

५. या क्षणी गाडी कोण चालवत आहे, हे ठरवा

स्वयंचलित गाड्यांविषयीचा सगळा गोंधळ या एका प्रश्नाने सुटतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली सहा स्तरांची वर्गवारी मांडली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. जाहिरातीतील नाव काहीही असो, तुमची गाडी यांत कुठे बसते ते शोधा.

- स्तर ०: गाडी तुम्हीच चालवता. ऐनवेळी आपोआप लागणारा ब्रेक आणि लेन सुटल्याची सूचना हे सगळे याच स्तरात येते.
- स्तर १: वेग किंवा स्टिअरिंग, दोहोंपैकी एकाला गाडी सतत मदत करते.
- स्तर २: दोन्हींना मदत करते, परंतु चालक तुम्हीच असता. नजर रस्त्यावर आणि जबाबदारी तुमची.
- स्तर ३: ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालवते, मात्र तिने हाक दिली की तुम्हाला ताबा घ्यावा लागतो.
- स्तर ४: ठरावीक क्षेत्रात गाडी स्वतः चालवते, आणि ताबा घेणारा कोणी नसला तरी स्वतःच सुरक्षितपणे थांबते.
- स्तर ५: सर्वत्र, सर्व परिस्थितीत. अशी गाडी आज कुठेही विक्रीला नाही.

खरी सीमारेषा २ आणि ३ यांच्यामध्ये आहे, आणि जाहिराती नेमकी तीच पुसट करतात. स्तर २ ची गाडी स्टिअरिंग वळवते, वेग सांभाळते, थांबते आणि पुन्हा निघते, त्यामुळे बसणाऱ्याला ती ‘स्वतः चालते’ असेच वाटते. एका टेस्ट ड्राइव्हमध्ये सेल्समनने माझ्यावर छाप पाडण्यासाठी हायवेवर दोन्ही हात सोडून मागे वळून गप्पा सुरू केल्या. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हात स्टिअरिंगवरच असले पाहिजेत, असे ठळक चौकटीत छापलेले होते. नाव ‘पायलट’ असो वा आणखी काही, ‘नेहमी देखरेख ठेवा’ हे वाक्य मॅन्युअलमध्ये आले की गाडी फार तर स्तर २ ची आहे असे समजा. टेस्लाने स्वतः २०२४ साली आपल्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या नावापुढे ‘देखरेखीखाली’ या अर्थाचा शब्द जोडला.

स्तर ३ चे नियम किती काटेकोर आहेत ते पाहिले की फरक कळतो. संयुक्त राष्ट्रांचा १५७ क्रमांकाचा नियम जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला. जिथे पादचारी आणि सायकलींना मज्जाव आहे आणि विरुद्ध दिशांच्या वाहतुकीत भौतिक दुभाजक आहे अशाच रस्त्यावर, आणि सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंतच, अशी प्रणाली चालू करता येत असे. नंतरच्या दुरुस्तीने ती मर्यादा ताशी १३० किलोमीटरपर्यंत वाढवण्याची वाट खुली झाली. जपानमध्ये होंडाने मार्च २०२१ मध्ये स्तर ३ ची गाडी मोजक्या संख्येने भाडेपट्ट्यावर दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीच्या नियामकाने मर्सिडीज-बेंझच्या प्रणालीला मान्यता दिली. ताबा घ्या अशी हाक दिल्यावर चालकाने प्रतिसाद दिला नाही, तर निदान दहा सेकंद थांबून गाडीने स्वतः सुरक्षितपणे थांबण्याची क्रिया सुरू करायची असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने दहा सेकंदांत गाडी सुमारे १६७ मीटर जाते. झोपून जाण्याची मुभा या स्तरात नाही, ती याचमुळे.

६. सहाय्यक प्रणालींच्या मर्यादा मॅन्युअलमधून उतरवून काढा

मॅन्युअलमधील ‘मर्यादा’ किंवा ‘इशारा’ या शीर्षकाखालची पाने वाचा आणि एका कागदावर पुढील गोष्टी टिपा: आपोआप ब्रेक कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत काम करतो, पादचारी आणि दुचाकी ओळखतो का, अंधारात ओळखतो का, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कोणती प्रणाली चालू राहते व कोणती बंद होते.

एक मर्यादा मुद्दाम सांगतो. पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल चालत्या गाड्या चांगल्या ओळखतो, पण आधीपासून उभ्या असलेल्या वाहनाबाबत अनेक मॅन्युअल स्पष्ट इशारा देतात. रडारला पुलाचे खांब, फलक, कठडे अशा असंख्य स्थिर वस्तू दिसत असतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणेच अशक्य होईल, म्हणून स्थिर वस्तूंकडे काही प्रमाणात दुर्लक्ष करण्याची रचना केलेली असते. त्यामुळे तुमच्या पुढची गाडी अचानक लेन बदलते आणि तिच्यासमोर बंद पडलेला ट्रक उघडा पडतो, हा प्रसंग सर्वांत धोक्याचा ठरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने तुमची गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, आणि त्या वेळी नजर फोनवर असेल तर दोन सेकंदांत सुमारे ५६ मीटर संपलेले असतात.

समोरची काच बदलली, बंपर दुरुस्त केला किंवा चाकांचे अलाइनमेंट केले तर काचेमागचा कॅमेरा आणि रडार यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, पुन्हा करावे लागते का, हे विचारा आणि केल्याचा कागद मागा. जुन्या गाडीत काच बदललेली दिसली, पण कॅलिब्रेशनची नोंद नाही, तर त्या प्रणाली नाहीतच असे धरून भाव करा.

७. चालकविरहित टॅक्सीत बसण्यापूर्वी

काही शहरांत स्तर ४ च्या टॅक्सी चालतात. वेमो या कंपनीने २०२० साली अमेरिकेतील फिनिक्सच्या परिसरात चालकाविना सेवा सर्वांसाठी खुली केली. प्रवाशाने सीटबेल्ट लावणे, मदतीचे बटण कुठे आहे ते पाहून ठेवणे आणि उतरताना मागून येणाऱ्या सायकलींकडे बघणे, याहून फारसे काही करायचे नसते. मात्र परवाना कोणी दिला आहे आणि तो चालकाविना प्रवासी नेण्याचा आहे की केवळ चाचणीचा, हे माहीत असावे.

दोन घटनांनी या क्षेत्राचे नियमन घडवले. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेंपी येथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले की यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अन्य काही असे ठरवत राहिली. गाडीतील मूळचा आपोआप ब्रेक चाचणीदरम्यान बंद ठेवलेला होता, आणि देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीचे लक्ष फोनकडे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच एका गाडीने उडवलेली महिला क्रूझ या कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने तिला धडक देऊन थांबल्यावर ही बाजूची धडक असल्याचे समजून रस्त्याच्या कडेला जाण्याचा प्रयत्न केला आणि तिला सुमारे सहा मीटर फरफटत नेले. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने त्याच महिन्यात क्रूझचे चालकविरहित परवाने निलंबित केले. सुरक्षेच्या त्रुटीबरोबरच कंपनीने नियामकाला पूर्ण माहिती वेळेवर दिली नाही, हा मुद्दाही तितकाच जड ठरला.

जबाबदारीचा प्रश्न देशागणिक वेगळा सुटतो. जर्मनीने २०२१ च्या कायद्यात स्तर ४ साठी गाडीवर दुरून लक्ष ठेवणारी ‘तांत्रिक देखरेख’ आवश्यक केली. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यानुसार अधिकृत प्रणाली गाडी चालवत असताना तिच्या चालवण्यातील चुकीबद्दल आत बसलेल्यावर खटला चालत नाही, आणि साध्या सहाय्यक प्रणालीला स्वयंचलित म्हणून विकणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला कायदा काय म्हणतो, हे विमा घेण्यापूर्वी लेखी विचारा. ‘प्रणाली चालू असताना झालेला अपघात’ पॉलिसीत कसा धरला आहे, एवढा एक प्रश्न पुरे.

८. दोष आढळला तर तक्रार नोंदवा

अनेक रिकॉलची सुरुवात ग्राहकांच्या तक्रारींतून होते. फायरस्टोन या कंपनीच्या सदोष टायरांच्या प्रकरणानंतर अमेरिकेने २००० साली कायदा करून कंपन्यांना दोषांची प्राथमिक माहिती नियामकाला कळवणे बंधनकारक केले, तरीही गाडी चालवणाऱ्याने स्वतः दिलेली नोंद वेगळ्या वजनाची असते. तक्रार डीलरकडे तोंडी करून थांबू नका. चेसिस क्रमांक, तारीख व वेळ, ओडोमीटरवरचे किलोमीटर, वेग, हवामान, कोणती प्रणाली चालू होती, स्क्रीनवर काय दिसले आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती होती, हे सारे लिहून कंपनीला आणि नियामक संस्थेला दोघांनाही पाठवा.

अपघात झाला असेल तर गाडी दुरुस्तीला देण्याआधी नोंदींचे रक्षण करा. बऱ्याच आधुनिक गाड्यांत इव्हेंट डेटा रेकॉर्डर असतो. साधारणपणे धडकेपूर्वीच्या पाच सेकंदांचा वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि सीटबेल्टची स्थिती त्यात साठते. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने ही माहिती गाडीच्या मालकाची किंवा भाडेपट्टाधारकाची मानली जाते. इतरत्र नियम वेगळे असू शकतात. गॅरेज, विमा कंपनी किंवा आणखी कोणी ती काढून घेण्यापूर्वी तुमची लेखी संमती घ्यावी आणि तुम्हाला प्रत द्यावी, असे पत्र पहिल्याच दिवशी द्या. दोषाचा संशय असेल तर त्या काळात आलेला कोणताही सॉफ्टवेअर अपडेट घेण्याआधी जुन्या आवृत्तीच्या क्रमांकाचा स्क्रीनवरून फोटो काढून ठेवा.